भाड्याची स्कूटर

"काळी पाटी का गं हिला? टॅक्सी आणलीस की काय?"

स्कूटर सोसायटीच्या दारात उभी केल्याबरोबर बाबांचा हा पहिला प्रश्न. मी सांगितलं, की भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या गाड्यांना अशीच पाटी असते, काळ्यावर पिवळी अक्षरं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आरशाला हात लावून पाहिला आणि दुसरा प्रश्न विचारला, "परत कधी द्यायचीये?"

"संध्याकाळी सातला."

"म्हणजे साडेसहाला पोचायचं."

तर झालं असं. या वेळी दोन आठवडे धायरीला आले, तेव्हा बाबांचं एकच टुमणं होतं. पेठांतून एकदा नीट फिरून यायचंय. त्यांचं वय आता चौऱ्याहत्तर. गुडघ्यांमुळे दोन वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलंय. मी म्हटलं, टॅक्सी करू. तर म्हणाले, टॅक्सीत बसून पेठा बघणं म्हणजे तिकीट काढून सिनेमागृहाच्या बाहेर उभं राहणं. रिक्षा? "रिक्षातून दुकानांचे फक्त गुडघे दिसतात, वरचे मजले दिसत नाहीत." आता यावर काय बोलणार! शेवटी धायरी फाट्याजवळच्या एका गाळ्यात ॲक्टिव्हा भाड्याने मिळते असं कळलं. तिथल्या मुलाने लायसन्स बघितलं, आधारची झेरॉक्स घेतली, डिपॉझिट घेतलं, गाडीभोवती फिरून सगळ्या ओरखड्यांचं मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि दोन हेल्मेटं हातात दिली. पेट्रोल आहे तितकंच ठेवून परत द्यायचं, एवढीच अट.

हेल्मेटवरून घरी अर्धा तास गेला. पुणेकर आणि हेल्मेट यांचं नातं सगळ्यांना ठाऊक आहेच. "मागे बसणाऱ्याला कशाला?" पासून "मला यात ऐकू येत नाही" पर्यंत सगळं झालं. शेवटी आईने स्वयंपाकघरातूनच "मग जाऊ नका" म्हटल्यावर हेल्मेट डोक्यात गेलं.

बाबांच्या मागे बसून मी हे शहर शिकले. त्यांनी १९७६ साली चेतक नोंदवली होती आणि ती हातात आली १९८३ मध्ये. नव्या वाचकांना ही थाप वाटेल, पण तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा. गाडी तयार व्हायची इथेच आकुर्डीला, आणि पुण्यातला माणूस सात वर्षं वाट बघायचा! ती चेतक थंडीत आधी तिरकी करून मग किक मारावी लागायची. पुढे उभी राहायचे मी, मागे आई, मधे बाबा. आता तीच पुढची जागा माझी झाली होती आणि बाबा मागे. निघताना त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

फाट्यावरून सिंहगड रस्त्याला लागलो. इथे नवीन असणाऱ्यांना सांगते, या रस्त्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर शहराकडे तोंड करून जा. डावीकडे मुठा नदी. उजवीकडे टेकड्यांच्या अंगाने जाणारा मुठेचा उजवा कालवा. मधल्या पट्टीत रस्ता, सोसायट्या, दुकानं आणि आपण सगळे. खडकवासल्याचं धरण १८७९ साली पूर्ण झालं. या कालव्याने मुख्यतः लष्कराला आणि पूर्वेकडच्या शेतांना पाणी नेलं. आमची धायरी तेव्हा धारेश्वराच्या टेकडीखालचं एक गाव. महापालिकेत ती आली ऑक्टोबर २०१७ मध्ये, इतर दहा गावांबरोबर. धरण इतकं जवळ, की सुट्टीच्या दिवशी लोक संध्याकाळी कणीस खायला जातात. तरी आमच्या सोसायटीत टँकर येतो. असो. तो वेगळा विषय आहे.

विठ्ठलवाडीच्या आधी डावीकडे एकतानगरीचा फलक दिसला तेव्हा बाबांनी खांद्यावर थाप मारली. "हळू." २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि इथल्या सोसायट्यांच्या तळमजल्यांत नदी शिरली. लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. मी ते दूरवरून टीव्हीवर पाहिलं होतं. फोन केला तर आई म्हणाली होती, "आपल्याकडे काही नाही, पण बाबा सकाळपासून गॅलरीत उभे आहेत." मला तेव्हा वाटलं, पाऊस बघत असतील.

दांडेकर पुलापाशी सिग्नल लागला. इथे थांबलं की खाली बघायचं विसरतं, पण या पुलाखालून आंबिल ओढा जातो. हा कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा ओढा. पूर्वी तो पार गावातून वाहायचा. पेशवाईत त्याला बांध घालून पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी तळं केलं, तेच पुढे सारसबागेचं तळं. ओढा वळवून इकडे नदीला मिळवला. वळवलेला ओढा जुनी वाट विसरतो असं आपल्याला वाटतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला आणि अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीपासून इथपर्यंत हाहाकार झाला. त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, वर जनता वसाहतीपाशी कालव्याची भिंत फुटली होती आणि ते पाणी याच दांडेकर पुलाजवळच्या झोपड्यांत शिरलं होतं. एका चौकात, एका वर्षाच्या अंतराने, एकदा इंग्रजांच्या कालव्याचं पाणी आणि एकदा पेशव्यांनी वळवलेल्या ओढ्याचं.

हे सगळं मी बाबांना सांगत होते. इतिहास वाचलाय ना, मग सांगायची हौस! बाबा फक्त "हं" म्हणत होते. सिग्नल सुटल्यावर म्हणाले, "किती वाजले?"

पेठांत शिरल्यावर मात्र ते बोलू लागले. स्कूटरची खरी मजा इथे कळते. वेग इतका कमी, की वरच्या मजल्यावरचा लाकडी कठडा, त्यावर वाळत टाकलेलं धोतर, अर्ध्या पाडलेल्या वाड्याच्या भिंतीत अडकून राहिलेलं कोनाड्याचं चौकट, सगळं दिसतं. मनात आलं की थांबता येतं. (गाडी लावायला जागा मिळाली तर.) आम्ही नेहमीची ठिकाणंही केली. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, खर्च १६,११० रुपये. शाळेत पाठ केलेलं अजून येतं. आणि उरलंय काय? तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, वरचा नगारखाना. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला. समोरचा लाल महाल बघायला लोक शाइस्ताखानाची बोटं आठवत येतात. छापा १६६३ चा खरा, पण उभी असलेली इमारत महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली. बुधवार पेठेत भिडे वाडा, जिथे १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तो डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. म्हणजे एका जागी तट आहे पण वाडा नाही, दुसरीकडे इमारत आहे पण ती जुनी नाही, आणि तिसरीकडे नुसती जागा आहे.

मी हे जरा हळहळूनच म्हटलं. बाबा म्हणाले, "तू सारखी इमारतीच काय बघतेस? उतार बघ."

"उतार?"

"रस्ता कुठे उतरतो ते बघ. स्कूटरवर कळतं. ब्रेक कुठे लागतो ते लक्षात ठेव."

खरंच की. शनिवारवाड्याकडून ओंकारेश्वराच्या दिशेने निघालो तर ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी जात होती. ती जमीन नदीकडे उतरते. इतकी वर्षं या रस्त्यांवरून गेले, पण हा उतार कधी जाणवला नव्हता.

ओंकारेश्वराच्या अलीकडे एका बोळाच्या तोंडाशी त्यांनी थांबायला सांगितलं. आजोबांचं बिऱ्हाड याच बोळातल्या वाड्यात होतं. दोन खोल्या, मातीच्या भिंती, सामाईक नळ. आता तिथे पाच मजली इमारत आहे आणि नावात वाडा आहे. समोरच्या भिंतीवर कुणीतरी पुराच्या पाण्याची रेघ कोरली होती, शेजारी तारीख, ती दाखवायला बाबांनी मला इथे आणलं होतं. पण ती भिंतही गेलेली. ते बराच वेळ रंगवलेल्या नव्या भिंतीकडे बघत राहिले. मग हात वर केला, टाचा उंचावल्या, आणि म्हणाले, "इथे नाही पोचत. याच्याही वर होती."

पानशेतबद्दल आमच्या घरात सगळ्यांना माहिती होतं आणि कुणी फार बोलायचं नाही. मातीचं धरण, काम पुरतं व्हायच्या आत त्या पावसाळ्यात भरलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलै १९६१ ला सकाळी ते फुटलं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं आणि दुपारी तेही फुटलं. नदीकाठच्या पेठांत वाडेच्या वाडे बसले. आजी एवढंच सांगायची, की "आम्ही नेसत्या वस्त्रानिशी निघालो." बाबा त्यापुढे कधी गेले नव्हते. त्या दिवशी स्कूटरच्या सीटवर टेकून, हेल्मेट मांडीवर घेऊन, त्यांनी पहिल्यांदा सांगितलं.

"बुधवार होता. शाळेतून लवकर सोडलं. सगळे म्हणत होते नदीला पाणी चढलंय, बघायला चला. मी दहा वर्षांचा. आईने वाण्याकडे आणायला दिलेल्या पैशातले दोन आणे माझ्याकडे होते. कोपऱ्यावर सायकलवाले मामा होते, त्यांच्याकडून तासाची सायकल घेतली."

इथे थांबून थोडं सांगायला हवं. तेव्हाचं पुणं सायकलींचं शहर, आणि सायकल सगळ्यांच्या घरी असायचीच असं नाही. पेठेपेठेत 'सायकली भाड्याने मिळतील' अशा पाट्या असायच्या. तासावर हिशोब, मुलांसाठी छोट्या सायकली वेगळ्या. आधार नाही, झेरॉक्स नाही, डिपॉझिट नाही. मालक तुम्हाला ओळखायचा, नाहीतर तुमच्या वडिलांना. वहीत नाव आणि वेळ लिहायची, परत आलं की काट मारायची. सगळा व्यवहार त्या काट मारण्यावर.

"लकडी पुलापर्यंत गेलो. पोलिस हाकलत होते. पाणी असलं कधी बघितलं नव्हतं, रंग चहासारखा, आणि वरून अख्खं झाड जात होतं. मी घाबरून परत फिरलो तर आपल्या बोळात गटारातून पाणी उलटं वर येत होतं. दारात आई ट्रंक घेऊन उभी. दादांनी माझी कॉलर धरली आणि ओढत नेलं, सदाशिव पेठेत मावशीकडे. सायकल मी दाराशी भिंतीला टेकवून ठेवली होती."

"मग?"

"मग काय. दोन दिवसांनी आलो तेव्हा दारच नव्हतं."

चिखलात त्यांनी सायकल शोधली. आजोबांना वाटलं मुलगा दप्तर शोधतोय. पुढे आठवडाभराने मामा दिसले, दुकानाच्या जागी बसून चिखलातून चाकं काढून धूत होते. दुकान गेलं होतं, वही गेली होती. कोणाची सायकल कुठे आहे याची नोंद आता फक्त ज्याने नेली त्याच्या डोक्यात. "मी त्यांना सांगायला हवं होतं," बाबा म्हणाले. "पण मला वाटलं, सायकलीचे पैसे मागतील, आणि दादांकडे तर तेव्हा भांडीसुद्धा नव्हती. मी त्या कोपऱ्यावरून जाणंच सोडलं. दोन वर्षं लांबच्या बोळाने जायचो." पहिला पगार झाल्यावर ते पैसे घेऊन गेले. तोवर मामा तिथे नव्हते.

दोन आण्यांच्या बदल्यात एक सायकल! साठ वर्षांहून जास्त काळ माझे बाबा त्या उधारीत होते आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. बाबांना प्रत्येक गोष्ट वेळेच्या आधी परत करायची खोड आहे. ग्रंथालयाचं पुस्तक दोन दिवस आधी, शेजाऱ्यांची शिडी त्याच संध्याकाळी, कुणाचा डबा कधी रिकामा नाही. आम्ही हसायचो त्यांना. आत्या, तू हे वाचशील तेव्हा तुला सायकल आठवत असेल तर जरूर कळव. बाबा म्हणतात तू तेव्हा सहा वर्षांची होतीस आणि कडेवर होतीस.

मी विचारलं, पुरानंतर पाणी कुठून आणायचात? प्रश्न वेडगळ वाटेल, पण धरणच गेलं म्हटल्यावर नळाला पाणी कसं येणार? सगळीकडे पाणी झालेल्या गावात प्यायला पाणी नव्हतं. बाबा म्हणाले, "हौदावर. पलीकडच्या एका वाड्यात हौद होता. दोन-दोन तास रांग. कात्रजचं पाणी."

हे ऐकून मी गप्पच झाले. कात्रजच्या नळाबद्दल मी पूर्वी वाचलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजला तळं बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. मधे मधे उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी दगडी धुराडी, हवा खेळायला आणि आत उतरून गाळ काढायला. माणूस वाकून चालू शकेल एवढा बोगदा. त्यातून गावभर हौद भरायचे, काळा हौद, बदामी हौद आणि असे कितीतरी. जुन्या नकाशांवर बघण्याची ही गोष्ट, असं मी समजत होते. पानशेतही मी वाचलं होतं. पण एक पुस्तक अठराव्या शतकाचं, दुसरं विसाव्या. माझे बाबा हातात कळशी घेऊन या दोन्हींच्या मधोमध रांगेत उभे होते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नव्या धरणांनी गाव बुडवलं तेव्हा दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी नीट काढलेला उतार कामाला आला.

म्हणून ते मला उतार बघ म्हणत होते.

इमारतींबद्दल सकाळी मी जी हळहळ केली, तिचं मग जरा हसू आलं. वाडे गेले, जातात. जमिनीचा उतार मात्र जात नाही, आणि पाणी तो विसरत नाही. एकतानगरीत ते आलं, टांगेवाला कॉलनीत आलं. पानशेतनंतर पूरग्रस्तांना ज्या भागांत घरं मिळाली त्यातलं एक सहकारनगर, आमचंही बिऱ्हाड आधी तिथेच गेलं, आणि २०१९ चा पूर त्याच्याच कुशीत आला. २०२४ च्या जुलैत बाबा सकाळपासून गॅलरीत उभे होते ते पाऊस बघायला नव्हे. धायरी उंचावर आहे, आमच्याकडे नदी येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. घर घेताना त्यांनी म्हणे तेवढंच बघितलं होतं. आई सांगते, बिल्डरचा माणूस स्वयंपाकघराची फरशी दाखवत होता आणि हे गच्चीवर जाऊन नदी किती खाली आहे ते बघत होते.

परतताना आम्ही फारसे बोललो नाही. पाच वाजताच निघालो, कारण साडेसहा. फाट्याआधी पेट्रोल पंप लागला. काटा सकाळपेक्षा थोडाच खाली होता, तरी बाबांनी खिशातून पैसे काढले आणि जास्तीचं भरायला लावलं. "राहू दे थोडं वर. कमी नको."

गाळ्यातल्या मुलाने गाडीभोवती चक्कर मारली, ओरखडे सकाळचेच आहेत ना ते बघितलं, हेल्मेटं घेतली आणि डिपॉझिट मोबाइलवरून परत पाठवलं. "झालं काका."

बाबा हलले नाहीत. "वही आहे का तुमच्याकडे?"

"वही? ॲपमध्ये असतं काका सगळं."

"तरी असेल की एखादी."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने ड्रॉवरमधून एक जुनी डायरी काढली, सर्व्हिसिंगच्या नोंदी होत्या तिच्यात. बाबांनी त्याच्याकडून गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घेतली, सहा वाजून दहा मिनिटं, आणि पुढे 'मिळाली' असं लिहायला सांगितलं.

त्याने लिहिलं. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं, आणि मग आम्ही चालत घरी आलो.